शिंगाची मूठ, आखूड कान

३ जुलै

माझ्या हातची सुरी बाबा कमरेला का लावत नाहीत? बेटावर येऊन पाच दिवस झाले. हा प्रश्न रोज पडतो आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही.

सुरी वाईट झालीय असं तर कुणी म्हणणार नाही. पातं बोटभर लांब, पाडसाच्या कानावर मालकीची खूण कापायला लागतं तेवढंच. मुठीच्या दोन्ही टोकांना रेनडिअरचं शिंग, मध्ये गाठाळ भूर्जाचं लाकूड, सांध्यांत भूर्जाच्या सालीच्या चकत्या. तेल पाजून आणि घासून मूठ इतकी गुळगुळीत केलीय की गालावरून फिरवावी. म्यान खाली शिंगाचं, वर चामड्याचं, आणि कमरेच्या मागे उजवीकडे लोंबेल अशी वादी. आजोबांच्या सुरीला होती तशीच. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि हस्तकलेच्या कॉलेजात तीन वर्षं जे शिकले ते सगळं या एका वस्तूत उतरवलं.

बाबांच्या कमरेला काय आहे? हार्डवेअरच्या दुकानातली, नारिंगी प्लास्टिकच्या मुठीची सुरी. त्या मुठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला. आणि ती मागे नाही, पुढे, थेट पोटावर, खाटकासारखी. रेनडिअर पाळणाऱ्या सामी माणसाने अशी सुरी लावावी?

"बाबा, एक मोसम वापरा ना. प्रदर्शनात ठेवायची तर कामात वापरलेली हवी, तसा कॉलेजचा नियम आहे."

"दुसऱ्या कुणाला दे."

"दुसऱ्याला का?"

"चांगली झालीय म्हणून."

हे काय उत्तर झालं? योव्ना काका चुलीपाशी बूट वाळवत होते. बाबांचे थोरले भाऊ, आणि एकत्र कळप राखणाऱ्या आमच्या गटाचे मुख्य. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तुझी सुरी काचेच्या कपाटात शोभेल. कपाटात रेनडिअर लाथा मारत नाहीत."

मी सुरी म्यानात घातली. पण विसरणार नाही.

५ जुलै

काकांनी आज पुन्हा सही नाकारली. माझा स्वतंत्र वाट्याचा अर्ज ऑक्टोबरात रेनडिअर मंडळापुढे येणार आहे. वाटा मिळाला तर माझी जनावरं माझ्या नावावर चरतील, गटाच्या बैठकीत मला मत असेल. नाहीतर मी आयुष्यभर "मिक्कलची मुलगी, सुट्टीत मदतीला येते" एवढीच. मुख्याची सही लागते.

"पुस्तकं वाचून कळप राखता येत असता तर वाचनालयात शिंगं उगवली असती," असं म्हणून ते निघून गेले. कॉफीचा कप तसाच ठेवून. आमच्यात कुणाच्या हातची कॉफी अर्धी टाकणं म्हणजे केवढा अपमान ते त्यांना चांगलं ठाऊक आहे.

आपल्याच माणसाला इतका राग कशाचा येतो? शिकले याचा, की मुलगी असून शिकले याचा?

बाबांनी किटली कडीला धरून चुलीवरून उचलली. कडी लालबुंद व्हायची तेवढी बाकी होती. आई ओरडली, "अहो, फडकं!" त्यांनी किटली शांतपणे खाली ठेवली आणि तळव्याकडे पाहिलं. जुन्या माणसांचे हात वेगळ्याच मातीचे असतात. मी वहीत टिपून ठेवलं: मूठ घडवताना अशा राठ तळव्यांचा विचार हवा.

९ जुलै

आज मी बोलू नये ते बोलले.

उद्यापासून पाडसांचे कान कापायचे. मी बाबांपुढे सुरी ठेवली आणि म्हटलं, "खरं सांगा. माझं शिकणं तुम्हालाही खुपतंय. काका तोंडाने बोलतात, तुम्ही बोलत नाही, एवढाच फरक."

आई बाबांच्या अंगरख्याची बटणं लावत होती. ती रोजच लावते. म्हातारपणी किती हे लाड, असं मला वाटतं. ती वळून म्हणाली, "सुन्ना, बास. तुझ्या बाबांना तेवढं एक सोड."

"का सोडू? घरात कुणीतरी माझ्या बाजूचं असावं की नाही?"

बाबा उठून बाहेर गेले.

१० जुलै

सकाळी पाहते तर नारिंगी सुरी खुंटीवर आणि माझी सुरी बाबांच्या कमरेला, मागे उजवीकडे. माझे डोळे भरून आले. शेवटी सत्याचा जय होतो, असं मी आईला म्हटलं. आईने चुलीत लाकूड सरकवलं, जरा जोरातच.

दिवसभर कोंडवाड्यात. बारीक पाऊस, चिखल, आणि पाचशे जनावरं गोल गोल फिरतायत. पाडस कोणत्या आईमागे जातं ते पाहायचं, फास टाकायचा, गुडघ्यांत दाबायचं आणि आईचा मालक असेल त्याची खूण कानांवर कापायची. कापलेला तुकडा कमरेच्या पिशवीत. तुकडा कुणी टाकत नाही, संध्याकाळी त्यावरूनच पाडसं मोजायची असतात.

बाबांची खूण साधी. डाव्या कानाचं टोक सरळ उडवायचं आणि मागच्या कडेला एक खाच. शेजारच्या गटातल्या हेइकाची हीच खूण, फक्त खाचा दोन. दोन्ही कळप या बेटावर एकत्र चरतात, त्यामुळे त्या एका खाचेवर सगळं अवलंबून.

बाबा आज फार सावकाश होते. सुरी काढायला दर वेळी मान मागे वळवून बघायचे. सवय नाही, होईल. दुपारी पांढऱ्या नाकाच्या मादीचं पाडस त्यांच्या गुडघ्यांत होतं. मी दोरी धरली होती. रक्ताने आणि पावसाने मूठ निसरडी झाली असावी, ती त्यांच्या मुठीत फिरली. पाडस जोरात उसळलं. बाबा पुटपुटले, कान नीट करण्यासाठी टोकाकडून आणखी एकदा कापलं आणि पाडस सोडलं. मग त्यांनी तो तुकडा झुडपात फेकून दिला. पिशवीत नाही, झुडपात! मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

कुंपणावरून काका ओरडले, "मिक्कल! काय झालं?"

"काही नाही."

"दाखव इकडे."

"काही नाही म्हटलं ना!"

काका माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू मी काही चोरलंय.

११ जुलै

आज बाबा म्हणाले, "फास मी टाकतो. कान तू काप." मी चाळीस कान कापले, एकही चुकला नाही. आपली खूण कापायचं काम ते कुणालाच देत नसत! मला पसंती मिळाली, याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं?

सुरी त्यांच्याच कमरेला राहिली. त्यांनी ती म्यानातून काढली मात्र नाही, मी माझ्या जुन्या सुरीने कापले.

२ ऑगस्ट

खिंडीतलं आमचं कुंपण कुणीतरी कापलं. तार तुटलेली नाही, पक्कडीने कापलेली. कुणी ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वाट्याच्या अर्जावर हेइकाचा लेखी विरोध आलाय: "या कुरणात आणखी एका तोंडाला जागा नाही." मी दुकानात त्याला थेट विचारलं, "तुमच्या मुलाला वाटा मिळाला तेव्हा कुरण मोठं होतं का?"

तो म्हणाला, "माझा मुलगा कळपात वाढला. तू ग्रंथालयात." आणि मागे उभ्या असलेल्या बाईला माझ्या डोक्यावरून विचारलं, "यीस्ट आहे का तिकडे?"

६ सप्टेंबर

कळप सामुद्रधुनी पोहून मुख्य भूमीवर आला. ओढ जोरात होती. आमच्या चार माद्या बुडाल्या, त्यांत पांढऱ्या नाकाची. तिचं पाडस मात्र वर आलं, किनाऱ्यावर उभं राहून ओरडत होतं. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मी म्हटलं, जगेल ते, मोठं आहे. ते म्हणाले, "जगेल. तेच."

२४ सप्टेंबर



आज दोन्ही कळपांची वाटणी होती. गोल कोंडवाड्यात दोन्हीकडची माणसं. प्रत्येक जनावराचा कान पाहून ज्याच्या त्याच्या फाटकातून ढकलायचं. हेइकाने एक पाडस शिंगाला धरून ओढत मध्ये आणलं आणि त्याचा डावा कान ताणून वर धरला.

"हा कान कोणाचा? या, सगळ्यांनी बघा! चार बोटं असायला हवा, दोन बोटं राहिलाय. एवढा आखूड कान कुणी कापतं का?"

बाबा म्हणाले, "माझी खूण आहे."

"आता तुझी आहे. आधी दोन खाचा होत्या. वरची खाच टोकासकट उडवलीस की झाली तुझी! आई कुठाय याची?"

"बुडाली."

"बुडाली! सोयीची बुडाली."

त्याच्या पोराने आमच्या फाटकाला लाथ मारली. कुणीतरी तो शब्द उच्चारला. चोर. आमच्यात माणसाला मारून टाकता येतं, पण हा शब्द लावला की नातवंडांनाही पुसता येत नाही.

मी ओरडले, "ते आमच्या पांढऱ्या नाकाच्या मादीचं आहे, मी दोरी धरली होती!"

"तू त्याचीच मुलगी," हेइका म्हणाला. "दोरी तू धरणार, गळा कुणाच्या पाडसाचा?"

 बाबा मुठी खिशात घालून उभे होते.

२६ सप्टेंबर

दुकानात आमच्याशी कुणी बोलत नाही. आईच्या मैत्रिणीने पडदा लावून घेतला. गाडीचं मागचं चाक खाली बसलेलं, बाजूला भोसकलेलं. चौकशी ३ तारखेला. दोन्ही गटांची माणसं आणि मध्ये मंडळाचा पिएरा. चोरी ठरली तर बाबांची खूणच रद्द होईल. ती खूण पणजोबांपासूनची.

मी बाबांना म्हटलं, "तुम्ही सांगा ना, मूठ निसटली, चुकून दुसरी खाच पडली आणि तुम्ही ती काढायला कान आखूड केला. मी पाहिलंय."

"सुरी निसटली नाही."

"बाबा, मी पाहिलंय!"

"सुरीत काही दोष नाही," ते म्हणाले. "हे तू कुठे बोलायचं नाहीस."

मग मला राग आला आणि मी विचारलं, चूक झाली होती तर तिथल्या तिथे हाक मारून दोघा साक्षीदारांना कान का दाखवला नाही? हा तर पोराटोरांना माहीत असलेला नियम. दाखवला असता तर आज कुणाची बोलायची हिंमत झाली नसती. काका तर विचारतच होते!

ते उठून गेले. आईने माझ्याकडे पाहिलं, तसं तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "तीन वर्षं शिकलीस," ती म्हणाली. बाकीचं वाक्य तिने गिळलं.

२८ सप्टेंबर

सकाळी काका आले. बसले नाहीत. टेबलावर कागद आपटला. माझा अर्ज, त्यांच्या सहीसकट.

"घे. हेइका तो फाडणारच आहे, पण माझ्यामुळे अडला असं नको."

"आता कशाला केलीत?" मी विचारलं. "सगळं बुडाल्यावर?"

"जीभ फार चालते तुझी. डोळे कधी चालतात का?" ते इतक्या जोरात बोलले की आई आतून बाहेर आली. "बापाच्या बोटांना काही कळत नाही, हे तुला अजून कळलं नाही? सहा हिवाळे झाले. सहा! बटणं कोण लावतं त्याची? किटली कशी उचलतो तो? सुरी पोटावर का लावतो? बोटं मुठीवर बसली की नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं त्याला! रबर त्याने हौसेने चढवलं होतं?"

मी खाली बसले.

"आणि तू त्याला गुळगुळीत शिंग दिलंस. वर ते पाठीमागे लोंबवलंस. आणि तो ते घालून आला, कारण त्याच्या लाडक्या मुलीला वाटत होतं की तो तिच्या बाजूचा नाही."

आई म्हणाली, "भाऊजी, पुरे."

"पुरे कसं? तळ्यावरचा बर्फ फुटला तेव्हा मी पडलो होतो पाण्यात. त्याने त्याचे हातमोजे मला घातले. वीस मैल बर्फावरची स्कूटर उघड्या हातांनी चालवली." त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले, दहाही बोटं हलवली. "ही बघ. ही त्याची आहेत."

मग जाता जाता दारातून म्हणाले, "हे कुणाला कळलं तर कान कापायला त्याला कुणी उभं करणार नाही. कळपाच्या कुंपणाबाहेर बसवतील, म्हाताऱ्यांबरोबर. तो चोर ठरेल, पण हे सांगणार नाही. मी ओळखतो त्याला. तूही आता ओळख."

म्हणजे मी जे जे लिहून ठेवलं ते सगळं वाचायला माझ्याजवळ होतं. किटली, बटणं, मान वळवून बघणं. मागची पानं चाळली तर माझंच अक्षर मला शिव्या देतंय.

३० सप्टेंबर

सत्य सांगितलं तर बाबा कुंपणाबाहेर. गप्प राहिलं तर चोर. नैतिकतेवर मी कॉलेजात निबंध लिहिला होता, त्याला वरचा क्रमांक मिळाला होता. त्यात एक वाक्य आहे: सत्याला पर्याय नसतो. मला ते वाक्य लिहिणाऱ्या मुलीच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

३ ऑक्टोबर

शाळेच्या जेवणघरात चौकशी झाली. लांब टेबल, एका बाजूला ते, एका बाजूला आम्ही. कॉफी होती, पण हेइकाच्या माणसांनी आपला थर्मास आणला होता. आमच्या किटलीला कुणी हात लावला नाही.

पिएराने बाबांना विचारलं, "मिक्कल, ते पाडस तू कापलंस?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मी उभी राहिले.

"मी कापलं."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, पाडस आमच्या पांढऱ्या नाकाच्या मादीचं होतं. त्या दिवशी दोरीचं सांगितलं ते अर्धंच, गुडघ्यांतही मीच धरलं होतं. सुरी मी केलेली, मूठ मी घासून निसरडी केलेली. ती रक्तात फिरली आणि नको तिथे खाच पडली. मी घाबरले. कुणाला न दाखवता टोक आणखी कापलं, तुकडा झुडपात फेकला. बाबांनाही सांगितलं नाही.

"त्या मोसमात कान तू कापत होतीस?" पिएराने विचारलं.

काका म्हणाले, "चाळीस कापले तिने. मी होतो तिथे." ते माझ्याकडे न बघता बोलले.

"आजपर्यंत का बोलली नाहीस?"

"लाज वाटली. शिकून आलेय ना."

यावर हेइकाच्या बाजूला हशा पिकला. तेवढ्यानेच त्यांना ते पटलं, असं मला वाटतं. मूर्ख शिकलेली मुलगी, हे त्यांना चोर मिक्कलपेक्षा जास्त आवडलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातांकडे बघायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

पिएरा लिहीत होता: चोरी नाही, निष्काळजीपणा, पाडस विकून पैसे निम्मे-निम्मे, मिक्कलची खूण कायम, सुन्नाने दोन वर्षं कुणाचाही कान कापायचा नाही. मी सही केली. माझ्या सुरीची मूठ कामाला निकामी आहे, हेही त्या कागदात आलंय. कॉलेजला मी तेच कळवणार आहे.

हेइकाचं समाधान झालं नव्हतं. तो टेबलावर बोटं आपटत म्हणाला, "आणि वाट्याचं काय? जिला एक कान धड कापता येत नाही, जी लपवाछपवी करते, तिला वाटा देणार? तो अर्ज आत्ताच्या आत्ता मागे घ्या."

तेव्हा बाबा उठले. मी जन्मल्यापासून त्यांना सभेत बोलताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "अर्ज मागे घेतला जाणार नाही. एक कान चुकला म्हणून तुमच्यापैकी कुणाचा वाटा गेलाय, हेइका? तुझ्या बापाने तर माझ्या बापाचा आख्खा रेनडिअर बैल मारून खाल्ला होता. माझ्या मुलीचा हात या खोलीतल्या कुठल्याही हाताइतका चांगला आहे. अर्ज राहील. पिएरा, लिही. राहील."

आवाज चढला होता. हेइकाचा पोरगा उठून आमच्याकडे आला, काका त्याच्या आडवे झाले, खुर्ची पडली. पिएरा ओरडला आणि सगळे बसले. पिएराने लिहिलं: अर्जावर निर्णय मंडळ घेईल.

परत येताना गाडी गावाबाहेर पडली. मग बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "पाडसाचं तोंड कुठल्या बाजूला होतं?"

"काय?"

"तू गुडघ्यांत धरलं होतंस ना? कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. तोंड समुद्राकडे होतं."

"समुद्राकडे," मी म्हटलं.

"आणि तुकडा डाव्या हाताने फेकलास. उजव्यात सुरी होती."

"डाव्या हाताने."

"हं." मग म्हणाले, "मंडळात दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत. उद्या जाऊन भेटतो. वाटा मिळेल तुला. बघच तू."

 त्यांना अजून सांगितलेलं नाही. बोलताना माझी हिंमत खचली तर मागे फिरायला काही उरू नये, आणि वाट्यासाठी खोटं बोलली असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून अर्ज मागे घेतल्याचं पत्र मी सकाळीच, सभेला जाण्याआधी, टपालपेटीत टाकलं होतं.